पाचाची बारा घरं

ज्या माणसाने माझ्या पेट्या तीन मिलिमीटरसाठी कंपनीच्या गेटवरून परत पाठवल्या, त्यालाच पुढे मी माझी शेड वापरायला दिली. त्याच शेडमध्ये, माझ्या मुलीसमोर आणि गल्लीतल्या डझनभर पोरांसमोर, त्याने माझी शोभा केली. आणि एवढं करून तो भांडला नाही. माझा खरा राग त्याचा आहे. भांडणारा माणूस मला कळतो, त्याच्याशी काहीतरी मिटवता येतं. जो भांडतच नाही त्याच्याशी मिटवायचं तरी काय?

पोरं त्याला पट्टीकाका म्हणायची. तोंडावर मीही काकाच म्हणायचो, वयाने मोठा माणूस. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. एवढा हक्क मी कमावलाय.

आधी माझं सांगतो, म्हणजे त्याचं कळेल. मी परभणीकडचा. एकोणिसाव्या वर्षी चाकणला आलो. कंपन्यांच्या मागे पडलेली मोडकी लाकडी पॅलेट उचलायची, खिळे उपटायचे, फळ्या सुट्या करून विकायच्या, इथून सुरुवात. पुढे गाड्यांचे पार्ट ज्यात भरून जातात त्या पेट्या बनवायला लागलो. आज चाकणला कारखाना आहे, मोशीत घर आहे, घरामागे पत्र्याची शेड आहे. यातली एकही गोष्ट मी समोरच्याने पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. कुणी आकडा सांगितला की मला वाटतं, चला, बोलणं सुरू झालं.

त्याच्या लेखी आकडा म्हणजे माप. सांगितलं की झालं. भाजीवाली जो भाव म्हणेल तो देऊन हा पिशवी पुढे करणार. माझी बायको मोशीचीच, जुन्या घरातली. ती एकदा बाजारातून हसत हसत आली. म्हणाली, "आवं, त्या पट्टीकाकाला बघून मेथीवालीच लाजली. त्येनं भाव केलाच न्हाई, तर तिनंच एक जुडी जास्त घातली वरनं."

"मग फायदा त्याचाच झाला की," मी म्हणालो.

"व्हय. पर त्यानं ती जुडी परत दिली ना."

असा माणूस.

जन्मभर तो एका मोठ्या कंपनीत मालाची तपासणी करायचा. बाहेरून आलेला माल गेटवर उतरला की हा बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन हजर. माझी स्वतःच्या नावावरची पेट्यांची पहिली खेप त्याच्यापुढे उतरली. त्या दिवशी मी नवीन शर्ट घातला होता. त्याने एकेक पेटी फिरवून पाहिली, एकेक कोपरा मोजला आणि खिशातून नापास मालाला लावायचा लाल टॅग काढला. आतली रुंदी तीन मिलिमीटर कमी. मी हात जोडले, चहा मागवला, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. शेवटी म्हणालो, "साहेब, दीड मिलिमीटर धरा आणि घ्या." तो माझ्याकडे बघतच राहिला. मापाची घासाघीस करणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. मग एक कागद घेऊन त्यावर माझ्या पेट्यांच्या चुका लिहिल्या. एकूण अकरा. खाली सही. टेम्पो भरून माल परत आणला मी. त्या कागदावरच्या चुका दुरुस्त केल्यावर माझी पेटी पुन्हा कधी परत आली नाही, पण तो मुद्दा वेगळा आहे.

निवृत्त झाल्यावर हाच माणूस एका सकाळी माझ्या दारात उभा. पायात अजून कंपनीचेच जाडजूड बूट, खिशात व्हर्नियर. पेट्यांना आवळायची ती प्लॅस्टिकची पट्टी असते ना, पिवळी, निळी, हिरवी? माल उघडला की ती कापून टाकतात. माझ्याकडे तिचा ढीग पडलेला. त्याला त्यातली थोडी हवी होती.

मी विचारलं, "मला ओळखलंत का?"

त्याने निरखून पाहिलं. म्हणाला, "तीन मिलिमीटर ना?"

माझं नाव नाही, गाव नाही. तीन मिलिमीटर.

त्या पट्ट्यांचा तो चेंडू विणायचा, आणि ते विणणं त्याला पोरांना शिकवायचं होतं. जागा नव्हती. राहायला भाड्याची एक खोली, तीही आमच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी बोलून गेलो, "शेड घ्या आमची. रविवारी सकाळी, दहापर्यंत." मनात धरलं होतं की हा बारा मागेल, मी आढेवेढे घेईन आणि साडेअकराला तोडू. तो म्हणाला, "बरं."

आणि दर रविवारी दहाच्या ठोक्याला उठायचा! पोरांच्या हातात अर्धा विणलेला चेंडू, पोरं गयावया करतायत, "काका, पाचच मिनिटं, काका!" हा उठून पट्ट्या गोळा करतोय. "शेठनी दहा सांगितलंय." दोन वर्षं मी पोरांचे शिव्याशाप खाल्ले. बारापर्यंत बसायला माझी काय हरकत होती? पण मागायला नको?

पोरांना त्याने लावलेली वेडं सांगितली तर पुस्तक होईल. बसचं तिकीट कधी फेकायचा नाही. त्याची उभी अरुंद पट्टी फाडायची, तिला साधी गाठ मारायची आणि हळूहळू ओढत चपटी करायची. बरोबर पाच बाजूंचा आकार तयार होतो, जसा काही साच्यातून काढलाय. त्याच्या खिशात पैसे कमी आणि पंचकोन जास्त. पोरांनीही तेच सुरू केलं. वह्यांच्या कडा फाटायला लागल्या, आणि आया मला विचारायला आल्या, कारण शेड माझी.

एकदा पिंपरीच्या मंडईत मी अननसवाल्याशी भावावरून चांगला भिडलो होतो. मागे बघतो तर हा एक अननस उचलून त्याचे डोळे मोजतोय. तिरक्या रांगा, एकीकडून आठ, दुसरीकडून तेरा. मग दुसरा अननस. आठ आणि तेरा. मग तिसरा. अननसवाल्याला वाटलं हा सडका शोधतोय. तो माझ्यावरच खेकसला, "तुमच्या माणसाला हात लावू नका म्हणावं!" माझा माणूस! जमत आलेला भाव फिसकटला. परत येताना मी फणफणत होतो, आणि हा म्हणतो, "शेठ, सगळ्यांचे सारखेच निघाले, पाहिलंत का? कुणी ठरवलं असेल हो?" मी म्हणालो, "मला काय विचारता? मी पेट्या करतो."

आता चेंडूचं सांगतो, कारण सगळी भानगड त्यातच आहे. पाच पट्ट्या घ्यायच्या आणि एकमेकींवरून-खालून अशा ओवायच्या की चांदणी होते आणि तिच्या मधोमध पाच बाजूंचं भोक राहतं. त्याला तो 'घर' म्हणायचा. सहावी पट्टी त्या चांदणीभोवती कड्यासारखी फिरवायची. मग उरलेली टोकं वर वळवत, एकमेकींत अडकवत न्यायची. नियम एकच. वरून गेलेली पट्टी पुढच्या वेळी खालून जाणार. शेवटी टोक स्वतःच्याच पट्टीखाली दडपायचं. गम नाही, गाठ नाही, क्लिप नाही. सहाही पट्ट्या एकमेकींना धरून बसतात आणि चेंडू फरशीवर आपटला तर टणकन उडतो. घरं मोजली की बारा. सगळी पाच बाजूंची.

पोरांना तो आधी सहा बाजूंची घरं करायला लावायचा, वेताच्या खुर्चीला असतात तशी. पोरं विणत जायची, विणत जायची, आणि चटई तयार व्हायची. "अजून विणू का काका?" "विण की." आणखी मोठी चटई. मग म्हणायचा, "आता एक घर पाचाचं करून बघ." एक पट्टी कमी केली की ती सपाट चटई मधेच पोट काढायची. पोरं किंचाळायची. त्या किंचाळण्यासाठीच हा माणूस आठवडाभर जगत असावा.

एका रविवारी त्याने कलिंगडाएवढा चेंडू करून आणला. त्यात सहा बाजूंची घरं भरपूर होती. पोरांना म्हणाला, फक्त पाचाची मोजा. बारा निघाली. मी दारात उभा होतो, मीही मोजली. बारा.

"एवढ्या मोठ्या चेंडूला बाराच?" मी विचारलं.

"बाराच."

"अकरात भागवा."

"भागत नाही, शेठ."

"मग तेरा घ्या. जास्त देतोय मी."

"तेराही नाही. डोंगराएवढा करा नाहीतर बोराएवढा. बाराच."

"का पण?"

"करून बघा."

पोरं खो-खो हसत होती. मी करून बघितलं नाही. मला कामं असतात. पण खरं सांगतो, आठवडाभर तो बारा माझ्या घशात अडकला होता. कोणीतरी आकडा सांगावा आणि तो खाली येऊ नये, वरही जाऊ नये, ही काय रीत झाली?

शेडमध्ये या खांबापासून त्या खांबापर्यंत त्याने एक तार बांधली होती. ज्याचा पहिला चेंडू मिटला, म्हणजे शेवटचं टोक दडपून पुरा झाला, त्याने स्टुलावर चढून तो स्वतः तारेला लटकवायचा. त्याला नावाची चिठ्ठी. कंपनीतून निघताना त्याने उरलेले लाल टॅग आणले होते, तेच तो उलटे करून कोऱ्या बाजूला पोरांची नावं लिहायचा. आणि नियम असा, की ज्याने मिटवला त्याचा चेंडू. सुरुवात कुणीही करून दिलेली असो.

माझी मनू तेव्हा सहावीत होती. शाळेत हुशार, घरात बापासारखी तापट. तिच्या बरोबरीच्या पोरांचे चेंडू तारेवर लागले, तिच्याहून लहान शेजारच्या दोघांचेही लागले. तिचा मिटेना. सगळं नीट विणत आणायची, आणि अगदी शेवटी दोन पट्ट्या समोरासमोर यायच्या, दोघींनाही वरूनच जायचं असायचं. एकीला खाली दाबली की दुसरीकडे उसवायचं. मनू शेवटची चार-पाच वळणं सोडायची, पुन्हा घालायची, पुन्हा तेच. एक रविवार गेला. दुसरा गेला. तो शेजारी मांडी घालून बसलेला, बघतोय, आणि तोंडातून फक्त एक शब्द. "बघ." चूक म्हणायचा नाही, बरोबर म्हणायचा नाही. बघ.

तिसऱ्या रविवारी मनू चेंडू छातीशी धरून घरात आली आणि उशीत तोंड खुपसून रडली. म्हणाली, "सगळ्यांचा तारेवर आहे पप्पा, माझाच नाही. मी ढ आहे." माझं डोकं फिरलं. तसाच शेडमध्ये गेलो. तो पट्ट्या गुंडाळत होता.

"काका, मनूच्या चेंडूत चूक आहे ना?"

"आहे."

"तुम्हाला दिसतेय?"

"दिसतेय."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

पहिल्या रविवारपासून! पोरगी तीन आठवडे रडकुंडीला आलेली, आणि हा शेजारी बसून बघतोय!

"मग सांगत का नाही?"

"तिला दिसेल."

"कधी?"

"ते मी कसं सांगू?"

मी म्हणालो, "माझ्या पेट्यांच्या तर अकरा चुका लिहून दिल्या होत्यात. सहीसकट! तेव्हा नाही म्हणालात, शेठला दिसेल म्हणून!"

त्याने हातातलं पट्टीचं वेटोळं खाली ठेवलं. म्हणाला, "पेट्या कंपनीत जायच्या होत्या, शेठ. हा चेंडू कुठे जायचाय?"

"तारेवर!" मी ओरडलो. "तारेवर जायचाय!"

"जाईल की," तो म्हणाला. घड्याळात दहा वाजले होते. उठला आणि निघून गेला.

आता तुम्ही सांगा, बापाने काय करायचं? मी आयुष्यात एकही गोष्ट आपोआप होईल म्हणून वाट बघत बसलेलो नाही. त्या आठवड्यात मनू शाळेत गेल्यावर मी तिचा चेंडू घेतला, कारखान्यात नेला. पट्टी आवळायचं आमचं यंत्र असतं, त्याने त्या दोन भांडणाऱ्या पट्ट्या आवळल्या आणि वरून पत्र्याची क्लिप मारली. कटकन आवाज झाला आणि चेंडू मिटला. थोडा लंबुळका दिसत होता, पण मिटला. मनूने पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, क्लिप चालत नाही." मी म्हणालो, "चालते. मी बघतो कोण नाही म्हणतो ते."

रविवारी मी स्वतः तिच्याबरोबर शेडमध्ये गेलो. त्याने चेंडू हातात घेतला. फिरवला. क्लिपवरून अंगठा फिरवला. जमिनीवर सोडला तर तो लंगडत गेला आणि भिंतीपाशी आडवा पडला. मला वाटलं, आता नाही म्हणेल, मग मी बोलेन, बरंच काही तयार करून आणलं होतं मी. त्याने लाल टॅग काढला, उलटा केला, लिहायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. माणूस वाईट नाही, म्हटलं, शेवटी ऐकलं.

मग त्याने स्टूल पुढे सरकवलं. मनूपुढे नाही. माझ्यापुढे.

"चढा, शेठ," तो म्हणाला. "तुमचा पहिला चेंडू."

टॅगवर लिहिलं होतं, 'मनूचे पप्पा'.

पोरं काय, हसायला टपलेलीच असतात. एक फुटलं आणि मग सगळी फुटली. तो मात्र हसत नव्हता. त्याचं तोंड अगदी गंभीर होतं, हेच तर जास्त लागलं. खरंच सांगतो, तो चेष्टा करत नव्हता. ज्याने मिटवला त्याचा चेंडू. मी चढेना, तेव्हा तोच स्टुलावर चढला आणि माझा चेंडू बाकीच्यांच्या शेजारी लटकवला. तो वाऱ्याने गरकन फिरला, टॅगची लाल बाजू माझ्याकडे झाली, आणि मला माझी ती पहिली खेप दिसली, गेटवर उतरवलेली, प्रत्येक पेटीला लाल टॅग.

मी म्हणालो, "बास! पुढच्या रविवारपासून शेड बंद. उचला सगळं इथून!"

आता कुणालाही कळेल की हा बोलायचा भाव होता. घ्यायचा नव्हता. समोरच्याने म्हणायचं असतं, शेठ, एवढा महिना तरी. मग बायको मध्ये पडणार, चहा येणार, मी थोडं कुरकुरणार, आणि बसा म्हणणार. बसायला तर हवाच होता तो, मनूचा चेंडू राहिला होता! एवढं साधं आहे.

तो म्हणाला, "बरं."

शनिवारपर्यंत त्याने शेड झाडून रिकामी केली. पोरांनी आपापले चेंडू नेले. महिना संपायच्या आत तर खोलीच सोडली. माण गावात पुतण्या असतो, आयटीवाला, त्याच्याकडे राहायला गेला. जाताना शेडची किल्ली बायकोच्या हातात दिली. मी कारखान्यात होतो.

"थांबवायचं नाहीस?" मी बायकोवर ओरडलो.

"म्या कशी थांबवू? तुमी म्हनलात जा, त्यो गेला. खरंच म्हनलात आसं वाटलं आसंल त्येला. समदी मानसं तुमच्यावानी न्हाई बोलत, एक म्हनायचं नि दुसरंच मनात."

मनू माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी शेडमध्ये जाऊन बसली. नवीन सहा पट्ट्या, पुन्हा तीच चांदणी, पुन्हा शेवटी तेच भांडण. मी दारातून बघायचो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो. दिसत होती ना चूक? मग सांगून तरी जायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी तिने विणत आणलेला चेंडू उसवायला घेतला आणि थांबलीच नाही. नेहमी शेवटची चार-पाच वळणं सोडायची, त्या दिवशी पार पहिल्या पाच पट्ट्यांपर्यंत आली. मग तिचा आवाज ऐकू आला. किंचाळलीच. शेवटी भांडणाऱ्या पट्ट्यांचा दोषच नव्हता. अगदी पहिल्या चांदणीत एक पट्टी सलग दोनदा वरून गेली होती. रोज तिथेच, त्याच हाताने, त्याच सवयीने. अर्ध्या तासात चेंडू मिटला. फरशीवर आपटला तर छपराला जाऊन लागला.

मी म्हणालो, "चल, लाव तारेवर!" स्टूलसुद्धा मीच आणून ठेवलं.

तिने वर पाहिलं. तारेवर एकच चेंडू उरला होता. माझा, लंगडा, क्लिपवाला. रागाच्या भरात मी तो काढलाच नव्हता.

"त्याच्या शेजारी नाही लावणार," मनू म्हणाली. "आधी तुमचा नीट करा. मग दोन्ही लावू."

"अगं, काढून फेकू की तो!"

"तुमचा पहिला आहे पप्पा. फेकायचा नसतो." आणि स्वतःचा चेंडू नेऊन फ्रिजवर ठेवला. तारेवरच्या जागेसाठी रडलेली माझी पोरगी, आता जागा रिकामी आणि चेंडू फ्रिजवर. कारण मी.

मग मी बसलो. दुसरा इलाज काय? क्लिप कापली तशा पट्ट्या फाटकन सुटल्या आणि एक गालाला लागली. मोडक्या पॅलेटमधून वर आलेला माणूस मी, झालेलं काम उसवणं माझ्या रक्तात नाही. जेवढं बरोबर दिसतंय तेवढं ठेवायचं आणि पुढचं दुरुस्त करायचं. तसंच करत राहिलो. कारखान्यात टेबलावर, घरी टीव्हीसमोर. प्रत्येक वेळी शेवटी दोन पट्ट्या हमरीतुमरीवर. मनू शेजारी बसून गृहपाठ करायची. एकदा मी तिला पकडलीच.

"तुला दिसतेय ना चूक?"

"हो."

"सांग."

"नाही."

"बरं, अर्धी सांग."

ती हसली. "अर्धी चूक कशी सांगतात, पप्पा?"

"कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग. बाकी मी बघतो."

"बघा," मनू म्हणाली आणि पुन्हा वहीत मान घातली.

त्या एका शब्दाने माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तो तिकडे माणला, आणि त्याचा शब्द माझ्या सोफ्यावर बसलेला!

संतापाच्या भरात मी सगळा चेंडू फाडल्यासारखा उसवला, पार पाच पट्ट्यांपर्यंत. आणि दिसलं. तीच पट्टी, तेच दोनदा वरून. सुरुवात मनूचीच होती ना ती. महिनाभर मी शेवट आवळत बसलो होतो. ती एक पट्टी खालून काढली आणि पुढचं सगळं आपोआप जागेवर बसत गेलं, जणू माझी वाटच बघत होतं. टोक दडपलं. मिटला. घरं मोजली, बारा. एकदा उलटीकडूनही मोजली. मोजण्यात आपलं काय जातं?

मनूने तिचा लावला, मी माझा. स्टुलावर चढताना बायको म्हणाली, "पडाल, आवं," आणि तोंडाला पदर लावून हसली. खाली उतरलो आणि तिथेच उभं राहून त्याला फोन लावला.

"बोला, शेठ."

"झाला," मी म्हणालो.

तो गप्प. धंद्यातला पहिला धडा हा की आकड्यावर जो आधी बोलतो तो हरतो. मी कित्येक सौदे नुसते गप्प बसून जिंकलेत. मीही गप्प बसलो. त्याच्या मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. एक पोर विचारत होतं, "काका, अजून विणू का?"

हरलो. मीच बोललो. "शेड रिकामी आहे. या परत." पुढे द्यायला तीन सवलती तयार ठेवल्या होत्या. पंखा बसवून देतो, पाण्याचा माठ ठेवतो, आणि बारापर्यंत बसा. एकेक करून सोडायच्या होत्या.

"नाही जमायचं," तो म्हणाला. "इथे सोसायटीत नऊ पोरं बसतात आता. तिकडे मनू आहे ना."

एकही सवलत बाहेर काढू दिली नाही! एक वाक्य, आणि झालं. मी फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "शेठ, इथे पट्टी मिळत नाही हो. कागदाची करतो, ती फाटते. पाठवाल का थोडी?"

"किती?"

"नऊ पोरं, सहा-सहा. चोपन्न. सहाशे मिलिमीटरची एकेक."

"साठ पाठवतो."

"चोपन्न."

"अहो, एखादी तुटली, चिरली तर? साठ घ्या."

"चोपन्न, शेठ."

खऱ्या मालावर आयुष्यात पहिल्यांदा मी वरच्या दिशेने घासाघीस केली, आणि तीही हरलो.

चोपन्नच पाठवल्या. चांगल्या नव्या रिळातल्या, हिरव्या. कापायला कुणाला सांगितलं नाही, मी स्वतः बसलो, मोजपट्टी लावून एकेक मोजली. चोपन्नच्या चोपन्न बरोबर सहाशे. तीन काय, एका मिलिमीटरचाही फरक नाही.

आता पाठव म्हणावं परत.